लाल कार्डवाले साहेब

वऱ्हाडात माणूस आजारी पडला की त्याच्या प्रकृतीचा नंबर चौकशीत बराच उशिरा लागतो. पहिला प्रश्न, "कोणत्या दवाखान्यात नेलं?" दुसरा, "तिथं कायले नेलं?" तिसरा प्रश्न येईस्तोवर विचारणारा स्वतःच्या साडूच्या पित्ताशयातल्या खड्यांवर पोचलेला असतो आणि आजारी माणूस उठून बसून त्याला पाणी देत असतो.

दवाखान्यांच्या बाबतीत आम्ही तसे जुन्या वळणाचे. व्हाइसरॉय गेले, पण त्यांची आणि त्यांच्या बायकांची नावं आम्ही सोडली नाहीत. अमरावतीचं जिल्हा सामान्य रुग्णालय म्हणजे इर्विन, बायकांचं ते डफरीन. अकोल्याला बायकांचं लेडी हार्डिंग. पाटीवर काय लिहिलंय हे रिक्षावाल्याला सांगून पाहा, तो "म्हंजे इर्विन ना?" असं विचारून खात्री करून घेईल. इंग्रज १९४७ साली गेले, वऱ्हाडातल्या बाळंतपणांवरचा त्यांचा ताबा काही सुटला नाही.

माझी बहीण दिली दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात. हे गाव कोणत्या मुहूर्तावर वसलं देव जाणे, पण तिथून अमरावती जेवढी लांब जवळपास तेवढंच अकोला. बहिणीचं माहेर, म्हणजे आम्ही, अमरावतीचे. सासरचे निम्मे लोक अकोल्यात. अमरावतीकरांना आपल्याकडे विभागीय आयुक्त असल्याचा अभिमान, अकोलेकरांना कृषी विद्यापीठ असल्याचा. त्यामुळे त्या घरात कोणाला साधी शिंक आली तरी सीमावाद सुरू होतो. भाचा आजारी पडला तेव्हा तर तो पार चिघळला.

पोरगं सहा वर्षांचं होईस्तोवर कुरकुरत होतं. थंडी पडली की पाय दुखत, पावसात भिजलं की पाठ दुखे, डोळे जरा पिवळट दिसत. गावानं आपल्या परीनं निदानं केली. दृष्ट, जंत, वाढतं वय आणि शाळा बुडवायचा बहाणा. शेवटी शाळेत तपासणीला आलेल्या पथकानं बोटाला टोचून रक्त घेतलं, मग दवाखान्यात मोठी तपासणी झाली आणि कागद हाती पडला. सिकलसेल.

डॉक्टर समजावून सांगणारे भेटले. कागदावर गोल काढून म्हणाले, तांबडी पेशी अशी गोल आणि लवचीक असते, बारीकशा रक्तवाहिनीतूनही वाट काढते. याच्या पेशी प्राणवायू सोडला की वाकड्या होतात, कडक होतात, विळ्यासारख्या. मग त्या अडकतात. जिथं अडकल्या तिथं दुखतं. चांगली पेशी १२० दिवस जगते, ही जेमतेम १० ते २० दिवस, म्हणून अंगात रक्त कमी. हे पोराच्या खाण्यापिण्यानं झालेलं नाही, आईबापाकडून आलेलं आहे आणि जन्मभर सांभाळायचं आहे.

खोलीत कोणी बोलेना. बहिणीनं पदर तोंडाला लावला. जावई भिंतीवरचं लसीकरणाचं वेळापत्रक वाचू लागले. पोराची आजी मात्र कागदावरच्या त्या वाकड्या पेशीकडं टक लावून पाहत होती.

"इळे? रक्तात?"

"हो आजी. विळ्यासारख्या पेशी."

"बाप्पा! अन् आमी सोयाबीन सोंगाले मजूर धुंडून राह्यलो."

आधी डॉक्टर हसले. मग बहीण रडता रडता हसली. पोराला काहीच कळलं नव्हतं, पण सगळे हसतात म्हणून तेही हसलं. त्या घरानं या आजाराशी जो काही करार केला, तो त्या वाक्यावर झाला असं माझं मत आहे. सिकलसेल हा शब्द त्या घरात नंतर फक्त फायलीवर राहिला. तोंडी नाव पडलं इळे. डॉक्टर दुखणं शून्य ते दहा अशा आकड्यांत सांगायला लावतात. पोरानं आपली मापं ठरवली. थोडं दुखलं की "एक पेंढी". रात्री झोप नाही म्हणजे "पाच पेंढ्या". आणि "गंजी लागली" म्हटलं की वाद न घालता गाडी काढायची. आजवर या मापानं दगा दिलेला नाही. बाकी, ज्या घरात कर्त्या बापाला आपलं दुखणं शब्दांत सांगता येत नाही, त्या घरात सहा वर्षांच्या पोराकडे त्यासाठी मापं होती, ही काही लहान गोष्ट नाही.

आईबापाकडून आलंय म्हटल्यावर पुढचा अंक ठरलेला होता. कोणाकडून? अकोल्याची आत्या पहिल्या गाडीनं आली आणि दारातच म्हणाली, "आमच्या खानदानात असं काई नाई." अमरावतीहून माझी आई म्हणाली, "आमच्या सात पिढ्यांत नाई." सात पिढ्यांपैकी साडेसहांचं रक्त कोणी तपासलेलं नव्हतं, पण आवाज दोन्ही बाजूंनी सारखाच होता. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की दोघं वाहक असल्याशिवाय असं मूल होत नाही. आई आणि बाप दोघंही वाहक असले, तर प्रत्येक बाळंतपणात हा आजार येण्याची शक्यता २५ टक्के. वाहकाला स्वतःला सहसा काही होत नाही. तो खातोपितो, भांडतो, लग्नात नाचतो, आणि त्याला आयुष्यभर पत्ताही लागत नाही.

हे भांडण गावच्या आशाताईनं, म्हणजे आशा सेविकेनं, मिटवलं. ती म्हणाली, "असं करा, साऱ्यायचंच रक्त तपासून घ्या." मग एका रविवारी दोन्ही खानदानं ओसरीवर बाह्या वर करून बसली. निवडणुकीच्या निकालाला असावा तसा ताण. काही दिवसांनी अहवाल आले. वाहकाला पिवळं कार्ड, रुग्णाला लाल. अमरावतीकडून माझी बहीण पिवळी, मी पिवळा आणि आमची आई पिवळी. अकोल्याकडून जावई पिवळे, मोठे बाबा पिवळे, आणि सर्वांत मोठ्या आवाजात खानदानाची हमी देणाऱ्या आत्याबाई पिवळ्या. तीन-तीन. सामना बरोबरीत सुटला. आत्याबाईंनी कार्ड पर्समध्ये आधार कार्डाच्या मागे सरकवलं आणि म्हणाल्या, "अमरावतीच्या मशीनवर काय भरवसा?"

पण एक झालं. बहिणीच्या मनात 'माझ्यामुळं झालं' हे जे रुतून बसलं होतं, ते त्या पिवळ्या गठ्ठ्यानं निघालं. निम्मं घरच पिवळं असल्यावर एकटीनं काय म्हणून अपराधी वाटून घ्यायचं?

वर्ष होतं २०१७. ज्यांच्याकडे कापूस आहे त्यांना हे वर्ष वेगळं सांगायला नको. गुलाबी बोंडअळीनं विदर्भातली बोंडं आतून पोखरली होती. बाहेरून पराटी हिरवी आणि हातात घ्यावं ते बोंड किडकं. जावयांची पाच एकर जमीन, सोसायटीचं कर्ज, आणि त्यात पोराच्या दवाखान्याच्या चकरा. अशा वेळी नातेवाइकांनी धावून यावं अशी अपेक्षा असते. ते धावून आले. हीच तर अडचण होती.

वऱ्हाडी माणूस भेटायला रिकाम्या हातानं येत नाही आणि बंद तोंडानं बसत नाही. रक्त कमी आहे म्हटल्यावर प्रत्येकानं लाल रंगाचं काहीतरी आणलं. डाळिंबं आली, बीट आलं, गाजरं आली, लाल माठ आला. एका काकानं लाल रंगाचं सरबतही आणलं. पोराला इतकं बीट चारलं गेलं की एके सकाळी मोरीवर आरडाओरड झाली, आणि ते रक्त नसून बीट आहे हे कळेस्तोवर अर्धा गाव गोळा झाला होता. कोणीतरी लोहाचं टॉनिक आणलं. डॉक्टरांनी ते पाहून हात जोडले. याचं रक्त लोह कमी पडून कमी झालेलं नाही, पेशी लवकर फुटतात म्हणून कमी झालंय. अशा पोराला मनानं लोह पाजायचं नसतं, त्यातून वरचेवर रक्त चढवावं लागलं तर अंगात लोह साठून अपायच व्हायचा. काका म्हणाले, "साठू द्या ना, पुढं कामी येईन."

मग औषधाचं प्रकरण. हायड्रॉक्सीयुरियाची गोळी सुरू झाली. हे औषध नुकत्याच जन्मलेल्या बाळात असतं त्या प्रकारचं हिमोग्लोबिन वाढवतं, त्यामुळं पेशी वाकड्या व्हायचं प्रमाण घटतं आणि दुखण्याचे झटके कमी येतात. पण ते काही कॅन्सरांतही वापरतात, आणि तसं खोक्यातल्या कागदावर छापलेलं असतं. गावात इंग्रजी वाचणाऱ्या एका सद्गृहस्थानं तो कागद वाचला. संध्याकाळपर्यंत भेटायला येणाऱ्यांची रांग पारापर्यंत गेली. बायका बहिणीच्या गळ्यात पडून रडायला लागल्या आणि बहिणीला कळेना की एकाएकी झालं काय. आजीनंच तो घोटाळा निस्तरला. कागद हातात घेऊन ती ओसरीवर उभी राहिली आणि म्हणाली, "ज्याले ज्याले इंग्रजी येते, त्यायनं आमचा सातबारा वाचून सांगा. औषीद आमचं आमी पाहू."

त्यातच रस्ता सुधारला. अमरावती-अकोला हा रस्ता कित्येक वर्षं अर्धवट उकरून पडला होता. त्याच्यावरून येणारा पाहुणा स्वतःच पेशंट होऊन उतरे, त्यामुळं भेटीगाठींना आपोआप आळा बसलेला होता. मग २०२२ च्या जूनमध्ये याच रस्त्यावर लोणी ते माना असा ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत अंथरून गिनीज बुकात नाव नोंदलं गेलं. त्याआधीचा विक्रम दोह्याचा होता, २५ किलोमीटरला दहा दिवस. वऱ्हाडानं कतारला हरवलं म्हणून आम्ही पेढे वाटले. आमच्या घरापुरता त्याचा परिणाम असा झाला की पूर्वी जी आत्या महिन्यातून एकदा यायची ती आठवड्याला येऊ लागली, डबे घेऊन.

डब्यांत तर उघड लढाई होती. भाचा अकोल्याच्या सर्वोपचारमध्ये भरती असला तर आत्याचे कढीगोळे, आणि अमरावतीला असला तर माझ्या बायकोची पाटोडी. एकदा दोन्ही डबे एकाच वेळी पोचले. पोराला त्या दिवशी खावंसं वाटत नव्हतं. दोघींचे चेहरे पाहून जावयांनी डबे घेतले आणि वॉर्डातल्या बाकीच्या पोरांच्या आयांना वाढले. त्यातली एक मेळघाटातून, धारणीकडून आलेली होती. बरोबर कोणी नव्हतं, सकाळपासून चहावर होती. तिनं दोन्ही खाल्लं आणि कोणतं चांगलं हे सांगायला नकार दिला. माझ्या पाहण्यात या प्रकरणातली सगळ्यांत शहाणी बाई तीच.

मदत म्हणजे नुसतं येऊन बसणं नव्हे, हे बहिणीच्या लक्षात फार लवकर आलं होतं. बोंडअळीच्याच वर्षी तिनं भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, मागं नावं लिहिली आणि कामं वाटली. रात्री दवाखान्यात कोण थांबेल, गाडी कोणाची, रक्त कोण देईल, मुलीला शाळेत कोण सोडेल. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'भेटायला येणाऱ्यांनी आधी वावरात जावे.' आणि खरंच, जो भेटायला येई त्याच्या कमरेला ती वेचणीची ओटी बांधून त्याला वावरात धाडी. बोंडअळीनं ठेवला होता तेवढा कापूस पाहुण्यांनी वेचून घरी आणला. भेटायला येणाऱ्यांची संख्या निम्म्यावर आली, आणि जे उरले ते आजपर्यंत टिकले. नाती पारखायची याहून चांगली रीत माझ्या ऐकिवात नाही.

डॉक्टरांच्या हुकमांमध्ये पहिला हुकूम पाण्याचा. अंगातलं पाणी कमी झालं की इळे निघतात, तेव्हा भरपूर पाणी प्या. आता हे खारपाणपट्ट्यात सांगायचं म्हणजे पाहा. अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांतून पूर्णेच्या काठानं पसरलेला हा पट्टा. विहिरीला पाणी भरपूर, फक्त तोंडात धरवत नाही. त्यात डाळ शिजत नाही. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर, आणि घरात गोड्या पाण्याचा हिशेब तांब्यानं ठेवायचा. जावई मोटारसायकलला दोन्हीकडं कॅन बांधून पाणी आणत. आबांना, म्हणजे पोराच्या आजोबांना, पाणीखात्याचं मंत्रिपद मिळालं. ते देवघरातली घंटा घेऊन ओसरीवर बसत आणि तासातासाला वाजवत. घंटा झाली की पोरानं पाणी प्यायचं. एकट्यानं प्यायला पोरगं कंटाळायचं, म्हणून नियम झाला की घंटेला सगळ्यांनी प्यायचं. आजी, आई, बाप, बहीण, शेजारचे बसायला आलेले, बिल मागायला आलेला वायरमन, सगळ्यांनी. पुढं पुढं गावात कोणाला लघवीची जळजळ झाली की लोक म्हणत, "जा, त्यायच्या ओसरीवर बस तासभर."

दुसरा हुकूम, थंडी सांभाळा. पोरगं शाळेच्या सहलीला चिखलदऱ्याला गेलं. चिखलदरा हजार मीटरच्या वरचं, आमच्या मानानं काश्मीरच. डॉक्टरांनी जायला हरकत घेतली नाही, फक्त गरम कपडे सांगितले. आजीनं दोन स्वेटर, मफलर, माकडटोपी आणि वर आबांची जुनी बंडी चढवली. साऱ्या पोरांचे फोटो दरीच्या पार्श्वभूमीवर आहेत. याच्या फोटोत फक्त गाठोडं दिसतं आणि गाठोड्याच्या वरच्या टोकाला दोन डोळे.

या सगळ्यात वाईट दिवस नव्हते असं कोणी समजू नये. एका पावसाळ्यात पोळ्याच्या आदल्या रात्री गंजी लागली. पोरगं भिजलं होतं. रात्रभर सलाईन, शेक, दुखणं थांबवायची इंजेक्शनं. त्याचा आवाज बसेस्तोवर ओरडणं झालं. आई पाय चोळते आहे आणि बाप बाहेरच्या जिन्यात बसलाय, अशी ती रात्र. दुसऱ्या दिवशी पोळा तसाच गेला. तिसऱ्या दिवशी दुखणं उतरलं आणि पोराला आठवलं की आज तान्हा पोळा. त्याचा लाकडी बैल महिनाभर आधीच रंगवून ठेवलेला होता.

आबा पहाटेच्या एसटीनं बैल घेऊन निघाले. पिशवीत बैल, कागदी झूल, बेगड आणि एक आंब्याच्या पानांचं तोरण. वॉर्डाच्या दारात रखवालदारानं विचारलं, "पिशवीत काय हाये?" आबा म्हणाले, "बैल." रखवालदारानं त्यांच्याकडं पाहिलं, पिशवीकडं पाहिलं आणि सोडून दिलं. वऱ्हाडातला माणूस होता, तिथी त्यालाही माहीत होती. बैल सलाईनच्या स्टँडला बांधला, स्टँडला तोरण लावलं. शेजारच्या खाटेवरच्या पोराकडं बैल नव्हता, तर त्याच्या बापानं औषधाच्या खोक्याला चार सुया टोचून बैल केला. सुया सिस्टरांनी लगेच काढून घेतल्या आणि बदल्यात आइसक्रीमच्या काड्या दिल्या. दोन बैल, पाच पोरं, एक चाकाचा स्टँड, अशी मिरवणूक वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. मोठ्या सिस्टर ओरडल्या, "हा दवाखाना हाये का गोठा?" आणि मग ड्रॉवर उघडून त्यांनी प्रत्येक पोराच्या हातावर दहा रुपये बोजारा ठेवला. राउंडला आलेल्या डॉक्टरांनाही बोजारा सुटला नाही. भाच्यानं त्या दिवशी जमवले नव्वद रुपये. घरी आल्यावर पेंढ्या विचारल्या, तर म्हणाला, "आज पेंढ्या इकल्या."

साहेब ही पदवी त्याला एसटीनं दिली. सिकलसेलच्या रुग्णाला एसटीत प्रवास मोफत आहे. कार्ड दाखवलं की झालं. त्यात आजी पंचाहत्तरीच्या पुढची, म्हणजे २०२२ पासून तीही फुकट. २०२३ च्या मार्चपासून बायकांना निम्मं तिकीट, म्हणजे आई अर्धी. दर्यापूरहून अमरावतीला तपासणीला निघालेल्या या कुटुंबात पूर्ण तिकीट एकटा बाप काढतो. एकदा कंडक्टरनं तिघांची कार्डं पाहिली, मग जावयांकडं वळून विचारलं, "अन् तुमचं काई?" जावई म्हणाले, "माह्याजवळ पिवळं हाये." कंडक्टर म्हणाला, "पिवळ्याले काई नाई. काढा पैसे." मग पोराला खिडकीची जागा देऊन तो म्हणाला, "बसा साहेब." तेव्हापासून घरीदारी तो साहेब.

साहेबांना सवलती बऱ्याच. अपंग हक्क कायदा २०१६ सालचा, त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया हे रक्ताचे तीनही आजार आहेत. दहावीच्या परीक्षेत त्याला तासाला वीस मिनिटं जास्त, म्हणजे तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास जादा. आम्हाला वाटलं खूश होईल. तो म्हणाला, "मामा, जे येत नाई ते चार तास बसून थोडीच येणार हाये? उलट सुपरवायझर एकटा माह्यावरच नजर ठेवून बसन." बीजगणिताच्या बाबतीत त्याचं म्हणणं मला पटलं.

कधी बहीण थकते. नऊ वर्षं झाली, थकणारच. असं झालं की आजी तिला वझ्झरच्या बाबांची गोष्ट सांगते. वझ्झर परतवाड्याजवळ, आमच्याच जिल्ह्यात. तिथं शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेली अंध, मूकबधिर, मतिमंद अशी १२३ लेकरं आपल्या नावानं वाढवली. प्रत्येकाच्या नावापुढं बाप म्हणून त्यांचंच नाव. अठरा वर्षांची झाली की संस्थेतून बाहेर काढा, या नियमाशी ते कायम भांडत आले. त्यांतल्या काहींची लग्नं त्यांनी लावून दिली. त्यांची माला, जन्मापासून अंध, स्पर्धा परीक्षा पास होऊन लिपिक झाली. बाबांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. आजी हे सगळं सांगते आणि शेवटी तिचा हिशेब असतो, "एकशे तेवीस लेकरायचं हागणंमुतणं त्या माणसानं काढलं. तुह्यं एकच हाये, तेही साहेब." हा युक्तिवाद तर्काला धरून नाही. दुसऱ्याचं ओझं मोठं म्हणून आपलं हलकं होत नसतं. पण बहीण उठते आणि चहा ठेवते, तेव्हा मी तर्काचा आग्रह धरत नाही.

१ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. २०४७ पर्यंत हा आजार हटवायचा, त्यासाठी चाळिशीच्या आतल्या सात कोटी लोकांची तपासणी करायची, असं त्यात ठरलं. बातमी टीव्हीवर आली तेव्हा घरात सगळे होते. आजी म्हणाली, "सत्तेचाळीस साल पाह्याले मी कायची राह्यतो?" साहेब म्हणाले, "राह्यशीन ना आजी. तुले एसटी फुकट हाये, एवढ्या लवकर कोण जाते?"

मोहिमेचं माहीत नाही, पण आमच्या दोन खानदानांत एक नियम त्याआधीच झाला. लग्नाची बोलणी निघाली की पत्रिकेच्या आधी कार्ड. पिवळ्याला पिवळं द्यायचं नाही. अकोल्याच्या आत्याबाई आता या नियमाच्या सगळ्यांत कडक अंमलदार आहेत. मागं एक स्थळ आलं, मुलगा पुण्यात, पगार चांगला, घर स्वतःचं. आत्याबाईंनी पोह्यांची बशी पुढं करत विचारलं, "रक्त कोणत्या रंगाचं?" पाहुणे गोंधळले. आत्याबाईंनी पर्स उघडली, आधार कार्डाच्या मागचं आपलं पिवळं कार्ड काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "हे पाहा, माह्यं असं हाये. तुमचं दाखवा." बोलणी तपासणीनंतर पुढं सरकली.

आता तुमच्याकडं एक मागणं. या आजारात काही पोरांना मधूनमधून रक्त चढवावं लागतं. आपल्या राज्यात सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलियाच्या रुग्णांना रक्त मोफत मिळतं, पण ती पिशवी कोणाच्या तरी दंडातून यावी लागते. जयंत्या आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस असले की शिबिरं जोरात होतात. एप्रिल-मेमध्ये कॉलेजं बंद, ऊन भयंकर, शिबिरं थंडावतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत अंगातलं पाणी आटून या पोरांना भरती व्हावं लागतं. तुमचं वय १८ ते ६५ मध्ये असेल, वजन ४५ किलोच्या वर असेल आणि शेवटचं रक्त देऊन पुरुषाला तीन महिने, बाईला चार महिने झाले असतील, तर या मे महिन्यात एकदा जवळच्या रक्तकेंद्रात जाऊन या. वॉर्डात कोणाला भेटायला जाणार असाल तर डाळिंब नको, बीट तर मुळीच नको. जाताना आपला रक्तगट तेवढा पाठ करून जा.